मोटरसायकलसाठी योग्य इंजिन ऑइल कसे निवडावे: मुंबईत गाडी चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटरसायकलला कोणते ऑइल घालायचे, याचा निर्णय मुंबईत बहुतेक वेळा गॅरेजच्या दारात, कामावर जायच्या घाईत आणि आपल्याऐवजी दुसऱ्यानेच घेतलेला असतो. मिस्त्री विचारतो, "साधं टाकू का सिंथेटिक?" आपण किंमत विचारतो, मान हलवतो आणि संध्याकाळी गाडी घेऊन घरी येतो. मी गेली अनेक वर्षे मुलुंड ते परळ हा प्रवास मोटरसायकलने करत आहे. सोसायटीतले शेजारी आणि कार्यालयातले सहकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत जेमतेम एक लिटर ऑइल असते आणि त्या एका लिटरवर पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांचे आयुष्य अवलंबून असते, म्हणून हा निर्णय स्वतः समजून घेतलेला बरा.

ऑइल निवडताना सुरुवात कुठून करावी?

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेपासून. वंगणाच्या पानावर तीन गोष्टी दिलेल्या असतात: ऑइलचा दाटपणा सांगणारी एसएई ग्रेड, गुणवत्तेची एपीआय पातळी आणि क्लचशी संबंध असलेला जासो वर्ग. या तिन्ही गोष्टी जुळत असतील तर कोणत्याही चांगल्या कंपनीचे ऑइल चालते. कंपनीच्या नावाची चर्चा त्यानंतर करावी, आधी नव्हे. पुस्तिका हरवली असेल तर बहुतेक उत्पादकांनी ती आपल्या संकेतस्थळावर ठेवलेली असते.

शेजाऱ्याच्या गाडीला काय घालतात, हा मात्र आधार होऊ शकत नाही. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० लागते आणि रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसीच्या गाड्यांना १५डब्ल्यू-५० लागते. दोन्ही गाड्या एकाच इमारतीखाली उभ्या राहतात, त्याच उन्हात आणि त्याच पावसात चालतात, तरीही त्यांच्या ऑइलची अदलाबदल करता येत नाही, कारण आतल्या भागांमधली फट, ऑइल पंपाची क्षमता आणि इंजिनाचा आकार यांचा मेळ घालूनच ग्रेड ठरवलेली असते.

१०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० या आकड्यांचा अर्थ काय?

ऑइल थंड असताना घट्ट असते आणि तापले की पातळ होते. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा आहे आणि त्यापुढचे "डब्ल्यू" हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नावावरून आले आहे. १०डब्ल्यू वर्गाच्या ऑइलची इंजिन फिरवून सुरू करण्याची चाचणी उणे २५ अंश सेल्सिअसला होते, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. दुसरा आकडा १०० अंशांना, म्हणजे चालत्या इंजिनाच्या तापमानाच्या आसपास, ऑइल किती दाट राहते ते सांगतो. सेंटिस्टोक या एककात मोजले तर ३० ग्रेडचे ऑइल ९.३ ते १२.५ च्या दरम्यान, ४० ग्रेडचे १२.५ ते १६.३ च्या दरम्यान आणि ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ च्या दरम्यान असावे लागते.

आता मुंबईचा विचार करू. सांताक्रूझ वेधशाळेत नोंदले गेलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान २२ जानेवारी १९६२ रोजीचे ७.४ अंश आहे. म्हणजे शहराच्या विक्रमी थंडीतही २०डब्ल्यू ऑइल आपल्या मर्यादेपासून वीस अंशांहून अधिक दूर होते. त्यावरून "मुंबईत पहिल्या आकड्याला काही अर्थच नाही" असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. थंडीमुळे ऑइल गोठण्याची भीती येथे नाही, हे बरोबर. पण सकाळी सहा वाजता, २५ अंशांतसुद्धा, रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३० पेक्षा साधारणपणे दुपटीहून अधिक घट्ट असते, आणि वरच्या कॅमपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापर्यंत, पोचायला त्याला तेवढा अधिक वेळ लागतो. इंजिनाची बरीच झीज याच पहिल्या काही क्षणांत होते. गाडी सुरू करताच पार्किंगमध्ये उभ्या उभ्या अॅक्सिलरेटर पिळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जासो एमए, एमए२ म्हणजे काय? डब्यावर ते का शोधायचे?

माझ्या मते मोटरसायकलच्या ऑइलविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि दुकानात तो फार कमी जण विचारतात.

चारचाकीत क्लच कोरडा असतो आणि इंजिनाच्या ऑइलशी त्याचा संबंध येत नाही. आपल्याकडच्या जवळजवळ सर्व मोटरसायकलींमध्ये मात्र क्लचच्या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. म्हणजे एकाच ऑइलने दोन उलट कामे करायची असतात: पिस्टन आणि कॅमजवळ घर्षण कमी करायचे आणि क्लचच्या प्लेटांवर पुरेसे घर्षण टिकू द्यायचे. मोटारींच्या ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण घटवणारी द्रव्ये वाढू लागली, तसा दुचाकींचा क्लच घसरू लागला, आणि त्यातूनच जपानच्या वाहन मानक संस्थेने, म्हणजे जासोने, चारस्ट्रोक दुचाकींच्या ऑइलसाठी टी ९०३ हे मानक तयार केले. त्यात क्लचचे प्रत्यक्ष घर्षण मोजून ऑइलचे वर्ग ठरवले जातात. जास्त घर्षण टिकवणारे ते एमए, कमी घर्षणाचे ते एमबी. २००६ च्या सुधारणेत एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन पोटवर्ग झाले आणि त्यांत क्लच सर्वांत घट्ट पकडणारे ऑइल एमए२ वर्गात येते.

क्लच घसरणे म्हणजे काय, हे मी एकदा अनुभवले आहे. एका गॅरेजमध्ये, हातात असलेला डबा संपवायचा म्हणून, माझ्या १५० सीसीच्या गाडीत मोटारीचे ५डब्ल्यू-३० ऑइल ओतले गेले होते. पहिले दोन दिवस गाडी इतकी मऊ चालली की मीच खूश होतो. तिसऱ्या दिवशी पाठीमागे पत्नी बसलेली असताना जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यावरच्या उड्डाणपुलाचा चढ चढताना तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पिळला, तर इंजिनाचा आवाज चढत गेला, इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा वर गेला आणि गाडीचा वेग मात्र होता तेवढाच राहिला. मागून बस येत होती. ऑइल बदलून पाहिले, पण तोवर प्लेटा जळकट झाल्या होत्या आणि अखेर पूर्ण संच बदलावा लागला. ऑइलमध्ये वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च त्यात गेला.

म्हणून डबा हातात घेतल्यावर पहिल्यांदा मागच्या बाजूला "जासो एमए" किंवा "जासो एमए२" शोधावे. नोंदणीकृत ऑइलवर हे चिन्ह चौकटीत असते आणि वर्गाच्या वर नोंदणीचा संकेतांक छापलेला असतो; अनेक डब्यांवर केवळ मजकुरात उल्लेख असतो. पुस्तिकेत एमए लिहिले असेल तर एमए२ बिनदिक्कत चालते. पुस्तिकेत एमए२ लिहिले असेल तर तेच घ्यावे.

एपीआय एसएल, एसएन, एसपी यांत काय फरक आहे? नवे अक्षर म्हणजे अधिक चांगले का?

ही अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची पेट्रोल इंजिनांसाठीची श्रेणी आहे. "एस"नंतरचे अक्षर जितके पुढचे तितके मानक नवे: एसएल २००१ चे, एसएम २००४ चे, एसएन २०१० चे आणि एसपी २०२० चे. पुस्तिकेत एसएल असेल तर एसएन चालते, उलट चालत नाही. मात्र ही मानके मुळात मोटारींसाठी लिहिलेली आहेत आणि त्यांत क्लचची चाचणी नाही. त्यामुळे एपीआयचे अक्षर कितीही नवे असले तरी जासोचा उल्लेख नसलेला डबा मोटरसायकलसाठी घेऊ नये. डब्यावरच्या एपीआयच्या गोल चिन्हाच्या खालच्या भागात ऊर्जा किंवा संसाधन बचतीचा उल्लेख असेल, तर ते ऑइल मोटारीचे समजावे.

मग मोटारीचे किंवा डिझेल गाडीचे ऑइल अजिबात वापरू नये का?

वापरू नये. क्लचचे कारण वर आले आहे. दुसरे कारण गिअरचे. मोटारीत गिअरबॉक्सला वेगळे ऑइल असते, मोटरसायकलमध्ये गिअरही त्याच एका लिटरमध्ये फिरतात. ऑइल तापल्यावरही दाट राहावे म्हणून त्यात लांब साखळीचे रेणू मिसळलेले असतात आणि गिअरचे दाते हे रेणू अक्षरशः कातरत असतात. मोटारीच्या ऑइलची रचना हा मार सोसण्यासाठी केलेली नसते, त्यामुळे ४० ग्रेडचे ऑइल काही आठवड्यांत ३० ग्रेडसारखे वागू लागू शकते. गिअर टाकताना "खट्" असा कोरडा आवाज येऊ लागणे, न्यूट्रल सापडेनासे होणे, ही त्याचीच लक्षणे असतात. मालवाहू डिझेल गाड्यांचे ऑइल घालणारेही काही जण आहेत आणि त्यांची गाडी चालतेही, परंतु जासोची हमी नसताना हा प्रयोग रोज कामावर नेणाऱ्या गाडीवर करण्याचे काही कारण मला दिसत नाही.

स्कूटरचे ऑइल मोटरसायकलला चालते का?

नाही. अॅक्टिवासारख्या बिनगिअरच्या स्कूटरला १०डब्ल्यू-३० एमबी वर्गाचे ऑइल लागते, कारण तिचा क्लच कोरडा असतो आणि कमी घर्षणामुळे तिचे मायलेज सुधारते. डब्यावरचे १०डब्ल्यू-३० हे आकडे मोटरसायकलच्या डब्यासारखेच दिसतात, आणि घोटाळा नेमका येथेच होतो. घरात एक स्कूटर आणि एक मोटरसायकल असेल तर दोन डबे वेगळे ठेवावेत.

मुंबईत उकाडा फार आणि गर्दीही फार. मग पुस्तिकेपेक्षा घट्ट ऑइल घालणे चांगले नाही का?

"आपल्याकडे गरमी आहे, वीस-पन्नास टाका" हा सल्ला मी मुलुंडपासून कुलाब्यापर्यंत ऐकला आहे. त्यामागची काळजी खरी आहे. वाऱ्यावर थंड होणारे इंजिन सायनच्या चौकात किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावर कुर्ल्याच्या कोंडीत उभे राहते, तेव्हा त्याला वाराच मिळत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून गाडी पुढे सरकवताना क्लचच्या प्लेटांची उष्णताही त्याच ऑइलमध्ये उतरते. अशा वेळी ऑइलवर येणारा ताण मोकळ्या महामार्गावर ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीपेक्षा पुष्कळच जास्त असतो.

तरीही घट्ट ऑइल हा त्यावरचा उपाय नव्हे. येथे विकली जाणारी मोटरसायकल भारतीय हवामान गृहीत धरूनच तयार झालेली असते. तिला १०डब्ल्यू-३० लिहिणाऱ्या अभियंत्याला मे महिना ठाऊक होता. गरजेपेक्षा घट्ट ऑइल बारीक वाटांमधून सावकाश वाहते, त्यामुळे उष्णताही सावकाश वाहून नेते. पंपाचा दाब वाढतो, पण दाब वाढला म्हणजे ऑइल अधिक पोचले असे होत नाही. शिवाय घट्ट ऑइल घुसळण्यात इंजिनाची ताकद जाते आणि मायलेज कमी होते. ज्या गाडीला ३० ग्रेड सांगितली आहे तिच्यात ५० ग्रेड घालून टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा, आवाज दबला, तर त्याचा अर्थ इंजिन सुधारले असा होत नाही. आवाज झाकला गेला इतकेच. टॅपेट आधी जुळवून घ्यावेत.

याला एक अपवाद मी मान्य करतो. काही पुस्तिकांमध्ये बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. त्यात १०डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-४० दोन्ही असतील, गाडी लाखभर किलोमीटर चाललेली असेल आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे थोडे ऑइल खात असेल, तर त्या तक्त्यातली घट्ट ग्रेड घेणे रास्त आहे. तक्त्याबाहेर जाऊ नये. निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील तपासून घ्यावे. ऑइलची ग्रेड बदलून तो दुरुस्त होत नाही.

मिनरल, सेमी-सिंथेटिक आणि फुल्ली सिंथेटिक यांपैकी कोणते घ्यावे?

मिनरल ऑइल कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले असते. सिंथेटिक ऑइलचे मूळ तेल रासायनिक प्रक्रियेने घडवलेले असते, त्यामुळे त्याचे रेणू एकसारखे असतात, ते उष्णतेत लवकर जळत नाही आणि त्याचे बाष्पही कमी होते. सेमी-सिंथेटिक हे दोघांचे मिश्रण. परंतु त्यात सिंथेटिकचे प्रमाण किती, हे डब्यावर क्वचितच लिहिलेले असते. शिवाय "फुल्ली सिंथेटिक" म्हणून विकली जाणारी अनेक ऑइले कच्च्या तेलावरच कठोर हायड्रोजन प्रक्रिया करून तयार केलेली असतात. त्यात फसवणूक नाही, ती चांगली असतात, पण त्यांची किंमत पॉलिअल्फाओलेफिन किंवा एस्टरपासून बनलेल्या महागड्या ऑइलइतकी लावलेली असेल तर विचार करावा.

शंभर-सव्वाशे सीसीची गाडी, रोजचे २० किलोमीटर आणि वेळच्या वेळी बदल, एवढाच हिशेब असेल तर चांगले मिनरल ऑइल पुरते. मी स्वतः वडिलांच्या जुन्या गाडीत तेच घालतो. दिवसाचे १०० किलोमीटर कोंडीत फिरणाऱ्या, खाद्यपदार्थ किंवा पार्सल पोचवणाऱ्या मुलांना मात्र मी आग्रहाने सिंथेटिक किंवा निदान सेमी-सिंथेटिक सुचवतो, कारण त्यांचे इंजिन दुपारभर थंडच होत नाही आणि सिंथेटिकचा खरा उपयोग तेथेच आहे. पाण्याने थंड होणाऱ्या, जास्त आरपीएमवर फिरणाऱ्या गाड्यांच्या पुस्तिकेत बहुधा सिंथेटिकच सांगितलेले असते आणि तेथे काटकसर करू नये. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी: सिंथेटिक हा शब्द ग्रेड आणि जासो वर्गाची जागा घेऊ शकत नाही. चुकीच्या ग्रेडच्या महाग ऑइलपेक्षा योग्य ग्रेडचे स्वस्त ऑइल केव्हाही चांगले.

ऑइल किती किलोमीटरला बदलावे?

पुस्तिकेतला आकडा ही वरची मर्यादा समजावी आणि मुंबईत तिच्याही आत राहावे. याचे कारण साध्या हिशेबात आहे. कोंडीत सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरला तर ३,००० किलोमीटर जायला इंजिन २०० तास चालते. तेच अंतर महामार्गावर ताशी ५० ने कापले तर ६० तास पुरतात. किलोमीटरचा काटा दोन्हीकडे सारखाच फिरतो, ऑइल मात्र पहिल्या गाडीत तिपटीहून अधिक वेळ तापलेले असते. पुस्तिकेत ६,००० लिहिले असेल आणि गाडी बहुतांश शहरातच फिरत असेल, तर मिनरल ऑइल ३,००० च्या आसपास आणि सिंथेटिक ४,००० ते ५,००० ला बदलणे मला योग्य वाटते.

कमी चालणाऱ्या गाडीचे मालक येथे हमखास चुकतात. स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर जाऊन दिवसभर उभी राहणारी गाडी नीट तापतच नाही. इंजिनात साठलेला दमटपणा आणि न जळलेल्या पेट्रोलचा अंश ऑइलमध्येच राहतो. समुद्राकाठच्या या शहरात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता किती असते, हे कपाटातल्या कपड्यांनासुद्धा ठाऊक आहे. अशा गाडीचे ऑइल किलोमीटर कितीही झालेले असोत, वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, बदलावे. नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग कधीही लांबवू नये, कारण नव्या भागांचा धातूचा बारीक चुरा त्या ऑइलमध्ये उतरलेला असतो.

ऑइलची पातळी घरी कशी तपासावी?

कोणते ऑइल घ्यावे, यावर तासभर बोलणारे लोक ते इंजिनात किती उरले आहे हे महिनोन् महिने पाहत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. मोटारीत तीन-चार लिटर ऑइल असते. त्यातले २०० मिलिलिटर गेले तर फारसे बिघडत नाही. आपल्या गाडीत २०० मिलिलिटर म्हणजे पाचवा हिस्सा.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर घ्यावी. साइड स्टँडवर घेतलेले माप चुकते. मुंबईतल्या पार्किंगमध्ये पाणी वाहून जावे म्हणून लादीला उतार दिलेला असतो, तोही पाहावा. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे आणि दोन-तीन मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे ऑइल खाली उतरते. मग झाकणाला जोडलेली डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजण्याची पट्टी, काढून, स्वच्छ फडक्याने पुसून पुन्हा आत सोडावी. होंडा आणि हिरोच्या बहुतेक गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. आटे फिरवून पाहिले तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. वरची आणि खालची अशा दोन खुणांच्या मधे ऑइलची ओली रेघ दिसली पाहिजे. ज्या गाड्यांच्या इंजिनाला काचेची खिडकी असते, त्यांत गाडी सरळ उभी धरून खिडकीतली पातळी पाहावी. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, पाच मिनिटांत हे होते.

वरच्या खुणेच्या पलीकडेही भरू नये. जास्तीचे ऑइल घुसळून त्याचा फेस होतो, इंजिनाच्या ब्रीदर नळीतून ते एअर फिल्टरमध्ये जाते आणि गाडी जड चालते. मिस्त्री एक लिटरचा डबा पूर्ण रिकामा करत असेल तर गाडीची मात्रा आधी विचारावी. स्प्लेंडरच्या वर्गातल्या नेहमीच्या बदलाला पूर्ण लिटर लागतही नाही.

ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले का?

तेवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. ऑइलमधली स्वच्छता करणारी द्रव्ये काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळवंडते. बोटांत चोळल्यावर खर लागणे, जळका वास येणे किंवा धातूची चमक दिसणे ही खरी काळजीची लक्षणे आहेत.

टॉप-अप करताना, म्हणजे कमी झालेले ऑइल भरताना, वेगळ्या कंपनीचे ऑइल चालेल का?

अडचणीच्या वेळी चालेल, ग्रेड आणि जासो वर्ग तोच असेल तर. पातळी खाली असताना गाडी चालवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पुढच्या बदलापर्यंत मात्र हा प्रकार वारंवार करू नये.

ऑइलमध्ये मिसळण्याच्या बाटल्या घ्याव्यात का? ऑइल बदलताना डिझेलने इंजिन धुवावे का?

दोन्हीला माझे उत्तर नाही असेच आहे. अशा बाटल्यांतील घर्षण घटवणारी द्रव्ये ओल्या क्लचपर्यंतही पोचतातच. डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन फिरवले तर बेअरिंगवरचा ऑइलचा थर धुऊन जातो, आणि कितीही निथळले तरी त्यातले थोडे आत उरून नव्या ऑइलला पातळ करते. इंजिन गरम असताना ड्रेन बोल्ट काढून दहा-पंधरा मिनिटे ऑइल निथळू दिले की पुरे. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घालावा. कागदी फिल्टर असलेल्या गाडीत फिल्टरही पुस्तिकेप्रमाणे बदलावा. स्प्लेंडरसारख्या गाडीत ऑइल गाळणारी जाळी साफ करून घ्यावी.

बनावट ऑइल कसे ओळखावे?

नावाजलेल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात हलके किंवा वापरलेलेच ऑइल गाळून भरणे, हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. झाकणाची कडी आधीच सुटलेली असणे, झाकणाखालचा पत्रा वाकडा बसलेला असणे, उत्पादनाची तारीख किंवा बॅच क्रमांक पुसट असणे, डबा आणि लेबल यांचे वय जुळत नाही असे वाटणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर डबा परत करावा. छापील किमतीपेक्षा थोडी सूट मिळणे स्वाभाविक आहे, निम्म्या किमतीत मिळणे नाही. पेट्रोल पंप, कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा पक्के बिल देणारे दुकान येथून घ्यावे. गॅरेजमध्ये डबा आपल्यासमोर उघडायला सांगावा. चांगला मिस्त्री त्याचा राग मानत नाही. पिंपातले सुटे ऑइल कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण त्यावर ग्रेड, वर्ग, तारीख यांपैकी काहीच नसते.

लडाख किंवा स्पितीला जायचे असेल तर ऑइल बदलावे का?

निघण्यापूर्वी नवे ऑइल भरावे आणि गाडीच्या तक्त्यात असेल तर पहिला आकडा कमी असलेली ग्रेड निवडावी, कारण तिथल्या पहाटेच्या थंडीत २०डब्ल्यू आळसावते. महाबळेश्वर, माळशेज किंवा गोव्यासाठी काहीही बदलण्याची गरज नाही.

पावसात गाडी पाण्यात बुडाली तर?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहरातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. तेवढा पाऊस रोज होत नाही, पण हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे येथे चाकाच्या वर पाणी येणे नवे नाही. पाण्यात बंद पडलेली किंवा रात्रभर पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. किक मारू नये, सेल्फही दाबू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी आणि तिथे आधी डिपस्टिक पाहावी. ऑइल दुधाळ, चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. ते पूर्ण काढून स्वस्त पण योग्य ग्रेडचे मिनरल ऑइल भरावे, गाडी थोडा वेळ चालवावी, पुन्हा काढून पाहावे, आणि दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत हे करावे. चांगले ऑइल शेवटी भरावे.

झाकणाच्या आतल्या बाजूला पावसाळ्यात थोडासा पिवळट फेस दिसणे वेगळे. तो बहुधा दमटपणाचा असतो आणि एका लांब फेरीनंतर जातो.

काढलेले जुने ऑइल कुठे टाकावे?

गटारात कधीही ओतू नये. वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते आणि त्याचा पुनर्वापर अधिकृत प्रक्रिया केंद्रातच व्हावा लागतो. शहरातल्या गटारांना नाले मिळतात, नाल्यांपैकी कित्येक मिठी नदीला मिळतात, आणि मिठी माहीमच्या खाडीत उतरते, जिथे खारफुटीची मुळे आणि कोळ्यांची जाळी दोन्ही आहेत. घरी ऑइल बदलत असाल तर जुने ऑइल पाण्याच्या कोरड्या बाटलीत गाळून भरावे आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याच्या तळाला स्क्रूड्रायव्हरने भोक पाडावे आणि लेबल आडवे फाडावे, म्हणजे तो पुन्हा भरून कोणाच्या गाडीत ओतला जाणार नाही.